एकमताचं गाव

आमचे काळबांडे सर मोटारसायकलवर मागे बसले की पेट्रोल माझं असायचं आणि गाडी त्यांच्या तत्त्वांवर चालायची. पहिलं तत्त्व असं, की वडीलधाऱ्या माणसाच्या पुढे जायचं नाही. रस्त्यावर सायकलवर, मोपेडवर, बैलगाडीत, कुठंही पांढरे केस दिसले की मागून छत्रीचं टोक माझ्या बरगडीत रुतायचं. "गजानन, वडीलधारे आहेत. ओव्हरटेक करायचं नाही."

एकदा रिसोडहून मालेगावला निघालो होतो. पुढे एक म्हातारबुवा बैलगाडी घेऊन चालले होते आणि मागे आम्ही, पहिल्या गिअरमध्ये. माझं इंजिन तापलं, डोकं त्याहून जास्त तापलं. शेवटी म्हातारबुवांनीच गाडी थांबवली, खाली उतरले आणि हात जोडून म्हणाले, "बाप्पा, काहून माह्या मांगं लागले तुमी? माह्याजवळ कडब्याबिगर काईच नाई." सरांनी उतरून त्यांच्या पायांना हात लावला. म्हातारा इतका घाबरला की बैलगाडी रस्त्यावर सोडून शेतात पळाला.

अवचितराव काळबांडे सर आमच्या रिसोडच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. मी विज्ञान शिकवतो. शाळेत माझ्याहून ते पुष्कळ ज्येष्ठ, आणि राहायला आमच्याच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. त्यांच्या राजकारणाचा मथळा एकच होता: मर्यादा. ज्याचं स्थान जिथं त्यानं तिथं राहावं, सरकारनं फुकट काही देऊ नये, कोणी घेऊ नये, मोठ्यांचा शब्द अखेरचा आणि पोराटोरांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात लागू नयेत. तत्त्वाचं बोलताना सर पुस्तकातली मराठी बोलत. राग आला किंवा भूक लागली की मात्र अस्सल वऱ्हाडीवर येत. त्यामुळे सर कुठल्या पायरीवर आहेत हे आम्हाला पहिल्या वाक्यात कळायचं.

घरातही मर्यादा होती. आधी मोठा जेवणार, मग धाकटा, शेवटी वाढणारी. वयानं मोठा पाहुणा आला तर सर स्वतः उपाशी थांबत, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण त्यांच्या बायको, सुमनकाकू, नेहमी शेवटी. मी त्यांच्या घरी किती वेळा जेवलो त्याला गणती नाही, पण काकूंचं ताट मी कधी पाहिलं नव्हतं. काकू बुटक्या, हसऱ्या आणि कमी बोलणाऱ्या. मतदानाच्या दिवशी सर सांगतील ते बटण दाबून येणार आणि कुरडयांचं पीठ शिजवायला बसणार.

सर निवृत्त झाले आणि नेमका त्याच सुमारास अमेरिकेतल्या त्यांच्या पुतण्यानं घर बदललं. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, की तिकडं लोक आपल्या विचारांची माणसं जिथं जास्त असतील तिथं राहायला जातात. त्यानंही म्हणे त्याच कारणानं राज्य बदललं होतं. फोन ठेवून सर अंगणात आले. मग भिंतीवरून मला हाक आली.

"गजू, इकडं ये. तो पोट्टा इचारासाठी राज्य बदलवते, अन् मले तालुका बदलवता येत नाई काय?"

मला वाटलं, उतरेल दोन दिवसांत. नाही उतरलं. पुढच्या रविवारपासून मी, माझी मोटारसायकल, सर आणि छत्री असे चौघे विचारांचं गाव शोधायला निघू लागलो. सर गावांना शंभरपैकी गुण देत. लेखी काही नाही, तोंडी परीक्षा.

शेलूबाजार तर गावात पाय न ठेवताच नापास झालं. ट्रकांचे हॉर्न ऐकून सर म्हणाले, "हायवेवर मर्यादा टिकत नाही." तिथून आतल्या एका गावात आम्ही पाराजवळ गेलो. पारावर पाच-सहा जवान पोरं बसली होती. सर समोर जाऊन उभे राहिले आणि काय आश्चर्य, सगळी पोरं ताडकन उठली! सरांचे डोळे पाणावले. "शंभरपैकी शंभर," असं ते मला म्हणेपर्यंत पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी धावत जाऊन मागे आलेल्या जीपला लोंबकळली. पार रिकामा झाला. पारावर उरलेल्या कुत्र्यानं तेवढं आमच्याकडे पाहून शेपटी हलवली.

दुसऱ्या एका गावात सरांच्या प्रत्येक वाक्याला अख्खं गाव माना डोलावत होतं. मोठ्यांचा मान राखावा? "बराबर हाय साहेब." लवकर उठावं? "आमी त कोंबड्याच्या आंदीच उठतो साहेब." चहा आला, फराळाचं आलं, सतरंजी आली. सर भलतेच खुलले आणि म्हणाले, "आणि शासनाकडून फुकटची मदत घेणं हा कमीपणा मानावा." सतरंजीवरच्या माना डोलायच्या थांबल्या. मग एकानं हळूच विचारलं, "मंग तुमी सोयाबीनचा पंचनामा कराले नाई आले?" दुसरा कप चहा येता येता परत गेला. माझ्या हातातला चिवडासुद्धा लोकांनी अशा नजरेनं पाहिला की मी तो बशीत परत ठेवला.

मेडशी सरांना पहिल्यांदा पसंत पडलं होतं. पण हॉटेलात चहा पिताना शेजारच्या बाकावर बाप एका पक्षाचा आणि लेक दुसऱ्या पक्षाचा निघाला. दोघं हातवारे करून भांडत होते आणि एकाच बशीतली भजी खात होते. सर उठले. "गजानन, चल. जिथं बापाचं आणि लेकाचं मत एक नाही तिथं राहून काय करायचं?" मी म्हणालो, "सर, भजी तर एकच आहेत ना." सरांनी ऐकलं नाही.

त्या चहावाल्यानंच मग आम्हाला धामणखेड्याचं सांगितलं. मेडशीपासून आत, फाट्यावर उतरून पायी जावं लागतं असं गाव. चहावाला म्हणाला, "तिथं कधी निवडनूकच झाली नाई. दर बारीले अविरोध."

सर जागच्या जागी थांबले. अविरोध! म्हणजे ज्या गावात मोठे ठरवतात आणि धाकटे ऐकतात. धामणखेड्याला आम्ही पोहोचलो ते दुपारी. गल्ल्या झाडलेल्या, तुरीच्या पेंढ्या भिंतीला नीट रचलेल्या, मारुतीच्या देवळापुढं फरशी. नामदेवआबा म्हणून गावातले सगळ्यात म्हातारे गृहस्थ देवळात बसले होते. ते म्हणाले, "आमच्या गावात भांडन नाई, तंटा नाई. देवापुढं बसतो अन् ठरवतो." सरांनी अठ्ठ्याण्णव गुण दिले. दोन कापले, कारण एक कुत्रा त्यांच्यावर भुंकला.

घर ठरलं. आता काकूंना उचलायचं होतं. काकूंचा सगळा जीव आमच्या गल्लीत. त्यांनी सामान बांधायला घेतलं, पण माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडल्या आणि मग डोळे पुसून सरांपुढं उभ्या राहिल्या. "येतो म्या तुमच्यासंग. पन हे आखरीचं बिऱ्हाड. याच्यानंतर तुमाले सोन्याचं गाव भेटलं तरी म्या हालनार नाई." सर म्हणाले, "तशी वेळच येणार नाही. ते एकमताचं गाव आहे." मला त्यांच्या त्या आत्मविश्वासाची तेव्हा भीती वाटली होती.

आश्चर्य म्हणजे काकू तिथं सरांच्या आधी रमल्या. सरांना गावातली माणसं अजून "नवे मास्तर" म्हणत होती, तेव्हा काकूंना बायका "माय" म्हणायला लागल्या होत्या. सकाळी एकजण वाटीभर साखर न्यायला यायची, दुपारी दोघी पापड लाटायला यायच्या, आणि रेखा नावाची शेजारची एक सून तर दिवसातून चार वेळा कुंपणावरून डोकवायची. मी रविवारी गेलो की काकू म्हणायच्या, "गजू, लय बेस हाय गाव. हे तोंड बंद ठेवून राह्यले त म्हातारपन सुखात जाईन."

पण तोंड बंद ठेवणं सरांच्या मर्यादेत बसत नव्हतं.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचाची जागा खुली होती. सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, "ये, खरी लोकशाही पाहायला ये. वडीलधारे कसा निर्णय देतात ते बघ." देवळापुढं गाव जमलं. बाया-माणसं सगळी गोल करून बसली. इथंच सरांची पहिली भुवई वर गेली, कारण बायाही त्याच गोलात होत्या. मग नामदेवआबांनी मारुतीपुढचा नारळ उचलला, शेजाऱ्याच्या हातात दिला आणि भजनी मंडळाकडं तोंड करून म्हणाले, "हाना."

टाळ-मृदंग सुरू झाला आणि नारळ फिरायला लागला. मृदंगवाल्याचे डोळे उपरण्यानं बांधलेले. त्याच्या मनात येईल तेव्हा तो थांबणार आणि तेव्हा ज्याच्या हातात नारळ तो सरपंच! पाण्याची मोटर जळाली, नाली तुंबली, कुणाच्या गोठ्यात साप निघाला, की सगळ्यांचे फोन सरपंचाला. त्यामुळे नारळ अस्सा पळत होता! तव्यावरची भाकर हातात आल्यासारखे लोक तो पुढं टाकत होते. सरांच्या हातात आला तेव्हा त्यांनी मात्र तत्त्वाला धरून आधी उजवीकडच्या वडीलधाऱ्याकडं पाहिलं, मग डावीकडच्याकडं पाहिलं, दोघांत मोठा कोण ते ठरेना. काकू समोरून ओरडल्या, "फेका ना बापा!" सरांनी दचकून फेकला. मृदंग थांबला तेव्हा नारळ रेखाच्या मांडीवर होता.

गावानं टाळ्या वाजवल्या. रेखानं कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागली. तिच्या सासऱ्यानं गूळ वाटला. सर मात्र खांबासारखे उभे.

"हे काय लहान पोट्ट्याइचा खेळ हाय काय?"

नामदेवआबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, माह्या आज्याच्या आंदीपासून असंच हाय."

मी सरांच्या कानात म्हणालो, "सर, परंपरा आहे. तुमचाच विषय." सर पुस्तकी मराठीवर आले. "परंपरा आहे, पण मर्यादा नाही! उद्या सरपंच म्हणून सून खुर्चीवर बसली तर सासऱ्यानं कुठं बसायचं?" सासरा गूळ चघळत म्हणाला, "म्या त सदा खालीच बसतो. गुडघ्यानं खुर्ची सोसत नाई." पण सरांचं डोकं फिरलं होतं. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी मालेगावला जाऊन सरपंचपदाचा अर्ज भरून आला. अविरोध गाव म्हणून निवडलेल्या गावात पहिला विरोध त्यांनीच केला.

गाव चिडलं असतं तर बरं झालं असतं. गाव बावचळलं. निवडणूक कशी करतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा चार माणसं आणि स्वतः रेखा सरांकडंच विचारायला आली, "मास्तर, आता काय कराव लागते?" शिकवायचं म्हटल्यावर सरांना राहवतंय होय! त्यांनी देवळात वर्ग भरवला. प्रचार कसा करायचा, उमेदवारानं हात कसे जोडायचे, सगळं रेखाला शिकवलं. तिचं पहिलं भाषण त्यांनीच दोनदा म्हणवून घेतलं, "माझे प्रतिस्पर्धी" या शब्दावर जोर दे म्हणाले. शेवटी गुप्त मतदान समजावलं, तेही गावाला कळावं म्हणून मुद्दाम वऱ्हाडीत. "मत कोनाले देल्लं हे कोनी कोनाले सांगायचं नाई. बायकोनं नवऱ्याले बी नाई. अन् नवऱ्यानं इचारायचं नाई." काकू मागच्या भिंतीला टेकून वाती वळत ऐकत होत्या.

त्या आठवड्यात एक दिवस शाळेत रजा टाकून मी गेलो तेव्हा काकूंच्या घरी पापडाला कुणी आलेलं नव्हतं. बायका रागावल्या नव्हत्या, लाजल्या होत्या. कुणाकडं गेलं की कुणाच्या बाजूचं दिसतं हे त्यांना समजेना. काकूंनी एकटीनं पोळपाट मांडला होता. मला पाहून त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "गजू, हे पडले त मले काई नाई. पन गाव फाटलं त हे म्हनतीन, चला दुसरं गाव पाहू. म्या आता कोठी जाऊ?" मग सरांकडं वळून, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अर्ज मांगं घ्या. नाई घेतला त या बारीले म्या तुमाले मत देनार नाई. आताच सांगून ठेवतो."

सर हादरले. अर्ज मागं घ्यायचा तो शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंत. मी त्यांना तातडीनं मालेगावला तहसीलमध्ये नेलं. वाटेत एकही म्हातारा आडवा आला नाही, मी मारुतीला मनातल्या मनात नमस्कार केला. रांगेत सरांचा नंबर दुसरा होता. गाडीचं चाक बसलेलं दिसलं म्हणून मी पंक्चर काढायला गेलो आणि परत येऊन पाहतो तर सर रांगेच्या शेवटी! त्यांच्यामागं काठी टेकत एक आजोबा आले होते. सरांनी त्यांना पुढं घेतलं. मग एक आजी आली. मग आणखी एक आजोबा. कुणी दाखल्याला आलेलं, कुणी चुकून आलेलं, सर सगळ्यांना हातानं धरून पुढं करत होते. मी ओरडलो, "सर, तीन वाजून राह्यले!" सर म्हणाले, "गजानन, वडीलधाऱ्यांना मागं ठेवून मी खिडकीशी जाऊ?" खिडकी बंद झाली. सर उमेदवार राहिले. चिन्ह मिळालं फुगा. रेखाला मिळाली कढई.

मतदानाच्या दिवशी सर सगळ्यात आधी जाऊन आले. मी विचारलं, "स्वतःलाच दिलं ना?" सर खरोखर दुखावले. "स्वतःच स्वतःला मत? हा असभ्यपणा मी करीन? प्रतिस्पर्ध्याचा मान राखला मी." म्हणजे उमेदवारानंही कढईचंच बटण दाबलं होतं. मी मान खाली घालून हसू दाबलं.

निकाल लागला. सगळं गाव कढईला. फुग्याला एक मत.

रेखा गूळ घेऊन सरांच्या पाया पडायला आली. बायका पुन्हा पापड लाटायला आल्या. गाव फाटलं नव्हतं, पुरतं एक झालं होतं, फुग्याचं ते एक मत सोडून. आणि तेच सरांना खुपत होतं. पुढच्या रविवारी मी पोचलो तेव्हा सर ओसरीवर येरझाऱ्या घालत होते, छत्रीसकट.

"गजू, या गावात एक माणूस फुटला! सारं गाव एका बाजूनं, अन् हा एकटा कोन? म्या घरोघर जाऊन पाह्यलं. कोनी कबूल होत नाई."

"सर, त्यानं तुम्हाला मत दिलं."

"मंग? एकमत त मोडलं ना! एक फुटला म्हनजे उद्या दहा फुटतीन. गाडीत पेट्रोल हाय काय? मानोऱ्याकडं एक गाव हाय म्हनतात."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. मी घाईघाईनं म्हणालो, "सर, पण समजा तो माणूस सापडला, तर काय कराल?"

सर थांबले. छत्री कोपऱ्यात ठेवली. म्हणाले, "पहिले त झापीन त्याले." मग आवाज खाली आला. "अन् मंग... सारं गाव तिकडं असून माह्यासाठी बटन दाबलं त्यानं. त्याले घरी बोलावीन. पाटावर बसवीन. अन् तो जेवल्याबिगर म्या घास घेनार नाई."

काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात ताट होतं: ज्वारीची भाकर, तुरीची डाळ, ठेचा. मला वाटलं सरांचं. काकूंनी सरांचा पाट ओढला, स्वतः त्यावर बसल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काकूंचं ताट पाहत होतो.

सर म्हणाले, "अवं, पहिले..." आणि तिथंच थांबले.

"तुमी एकटेच पडले असते," काकू घास चावत म्हणाल्या. "मले पाह्यवलं नाई. आता झापायचं अशीन त झापा. अन् गाव बदलवाचं अशीन त बदलवा, पन फुटलेलं मत तुमच्या घरातच हाय. जासान तिथं संगच येईन."

सरांनी काकूंच्या ताटाकडं पाहिलं. मग ते आत गेले. चुलीजवळ काहीतरी पडल्याचा आवाज आला, बोट भाजल्याचाही आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात डाळीचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात उलटा धरलेला डाव.

मला भूक लागली होती, पण मी मोटारसायकलची किल्ली उचलली. फाटकातून वळून पाहिलं. काळबांडे सर कमरेत वाकून काकूंच्या ताटात डाळ वाढत होते, आणि काकू हातानं खूण करत सांगत होत्या, "अजून थोडी."